ताळा जुळला का?

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. ओएसच्या लॅबसाठी लिनक्स हवं होतं, म्हणून होस्टेलच्या नेटवर रात्रभर जागून आयएसओ फाइल उतरवली. मध्ये दोनदा नेट गेलं, पण सकाळी डाउनलोड पूर्ण दिसत होतं. विंगमधल्या सहा जणांनी ती माझ्याच पेनड्राइव्हवरून घेतली. मग सुरू झाला तमाशा! कुणाचं इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकलं, कुणाचं झालं आणि दोन दिवसांनी गचकलं. समोरच्या खोलीतल्याने तर पार्टिशन आधीच उडवलं होतं, आतल्या प्रोजेक्ट रिपोर्टसकट. हार्डडिस्क गेली असं समजून मी घरी पैसे मागणार, एवढ्यात लॅबमधल्या सरांनी विचारलं, "चेकसम बघितलास का रे?"

मी गप्प. सर म्हणाले, "अरे, शाळेतला ताळा!"

आठवतंय ना? ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, म्हणजे ५. २६ चे ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. इकडे ९०२२ चे १३, म्हणजे ४. जुळलं! चेकसम हा तसलाच प्रकार. अख्ख्या फाइलवर गणित चालवून एक छोटी संख्या काढायची आणि फाइल बनवणाऱ्याने दिलेल्या संख्येशी ताडून पाहायची.

पण शाळेतला ताळा फार भोळा. घाईत ९२०२ लिहिलं तरी तो "बरोबर" म्हणतो. शा-२५६ तसा फसत नाही. चार जीबीतला एक बिट बदलला तरी त्याची ६४ अक्षरं पार वेगळी येतात. काही ठिकाणी अजून ३२ अक्षरांचा एमडी-५ दिसतो. तुटकं डाउनलोड पकडायला तो पुरतो, पण मुद्दाम केलेल्या लबाडीपुढे नाही. श्याओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दोन वेगळ्या मजकुरांचा एमडी-५ एकच आणून दाखवला. २०१७ मध्ये शा-१ चीही तीच गत झाली.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'शा२५६सम' आणि पुढे फाइलचं नाव, बस्स. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल'. आणि हो, ६४ अक्षरं डोळ्यांनी जुळवत बसू नका. कॉपी करून शोधा.

एक मेख मात्र आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटची वेबसाइटच हॅक झाली आणि १७.३ सिनॅमनची लिंक बॅकडोअर दडवलेल्या आयएसओकडे वळवली गेली. चोराच्या हाती दुकान असेल तर पावतीही तोच लिहिणार! म्हणून चेकसमच्या फाइलवर डिजिटल सही असते, तीही तपासावी. आणि सहीची किल्ली त्याच पानावरून घेऊ नये.

माझ्या फाइलचं पहिलंच अक्षर वेगळं निघालं. नवी उतरवली, ताळा केला आणि सहा दारं वाजवत फिरलो. समोरच्या खोलीतला अजून माझ्याकडून पेनड्राइव्ह घेत नाही.