बोटं, नसा आणि उरलेल्या सायकली

हुपरीत चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडणाऱ्या कारागिराची सगळी कमाई बोटांच्या टोकांवर असते. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर वेणी घालणाऱ्याचं तेच, आणि थंडीत पहाटे गार पाण्यानं कास धुऊन म्हशीची धार काढणाऱ्या बाईचंही तेच. अशा माणसाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो, ऑपरेशन होऊन गाठ निघते आणि डॉक्टर सांगतात, ‘आता आठ सायकली केमो.’ तिसऱ्या-चौथ्या सायकलीच्या सुमारास बोटांना मुंग्या यायला लागतात, तळपाय सोलतात, जुलाबांनी एखाद्या वेळी सलाईनही लावावं लागतं. पुढची सायकल घ्यायची की इथंच थांबायचं, हा प्रश्न मग जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, कोर्स पुरा केलाच पाहिजे, अर्धवट सोडला तर आजार उलटेल. दुसरा म्हणतो, आजाराआधी हे औषधच माणूस नेईल. दोन्हींच्या मागे मायाच असते. पण या प्रश्नावर गेल्या वीसेक वर्षांत हजारो रुग्णांवर भक्कम संशोधन झालं आहे आणि त्यातून निघालेलं उत्तर या दोन्ही तटांपेक्षा वेगळं आहे.

आधी मुळात केमो कशासाठी, ते पाहू. आतड्याची गाठ काढताना सर्जन आसपासच्या लसिका ग्रंथीही काढतात. त्यांत कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तर आजार तिसऱ्या टप्प्याचा धरतात. डोळ्यांना किंवा स्कॅनला न दिसणाऱ्या काही पेशी शरीरात इतरत्र उरल्या असण्याची शक्यता असते आणि केमो त्यांच्यासाठी असते. इथं मुख्यतः दोन औषधं वापरतात. एक आहे 1957 पासून ओळखीचं फ्लुरोयुरॅसिल किंवा त्याचंच गोळीतलं रूप कॅपेसिटाबिन. दुसरं प्लॅटिनमपासून बनवलेलं ऑक्झॅलिप्लॅटिन, जे सलाईनमधून देतात. कॅपॉक्स नावाच्या पद्धतीत पहिल्या दिवशी ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन, मग चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि सात दिवस विश्रांती अशी तीन आठवड्यांची एक सायकल होते. अशा आठ सायकली म्हणजे सुमारे सहा महिने.

ऑक्झॅलिप्लॅटिननं नेमकं काय पदरात पडतं, हे ‘मोझॅक’ या चाचणीनं दाखवलं. तिचे पहिले निष्कर्ष 2004 मध्ये आले. तिच्यात 2,246 रुग्ण होते आणि त्यांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांत फक्त फ्लुरोयुरॅसिल घेतलेल्यांपैकी दहा वर्षांनी 59 टक्के जिवंत होते, तर जोडीला ऑक्झॅलिप्लॅटिन घेतलेल्यांपैकी 67 टक्के. म्हणजे शंभरात आठ माणसं जास्त. ज्या घरात हे आठातलं एक माणूस आहे, त्या घरासाठी हा आकडा सगळं काही आहे, म्हणून केमोला उगाच नावं ठेवणाऱ्यांनी तो विसरू नये. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. दुसऱ्या टप्प्याच्या रुग्णांत ऑक्झॅलिप्लॅटिननं आयुर्मान वाढलं नाही, आणि सत्तरीपुढच्या रुग्णांना त्याचा फायदा बराच कमी होतो, असं नंतरच्या विश्लेषणांत दिसलं.

आता त्या मुंग्यांकडे येऊ. ऑक्झॅलिप्लॅटिनचा त्रास दोन प्रकारचा असतो. पहिला लगेचचा. सलाईननंतर काही दिवस गार पाण्याला हात लागला की झिणझिण्या येतात, फ्रिजमधलं पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा वाटतो. हा त्रास घाबरवणारा असतो, पण बहुतेक वेळा ओसरतो. दुसरा हळूहळू साठत जाणारा. मणक्यांच्या शेजारी संवेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींचे छोटे पुंजके असतात. प्लॅटिनम तिथं साचतं. या पेशींच्या सर्वांत लांब तारा पायाच्या आणि हाताच्या बोटांपर्यंत जातात आणि आधी त्याच आजारी पडतात. मग बटण लागत नाही, सुईत दोरा जात नाही, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. पावसाचा जोर ओसरल्यावरही राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी काही काळ चढतच राहते, तशा या मुंग्या शेवटच्या डोसनंतरही दोन-तीन महिने वाढू शकतात. म्हणूनच ‘अजून सहन होतंय’ म्हणून पुढचा डोस घेणाऱ्याचा अंदाज चुकतो. आज जाणवतं त्यापेक्षा नुकसान पुढं गेलेलं असू शकतं. हे नुकसान खात्रीनं टाळणारं औषध आजही नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या सलाईनवर एके काळी भिस्त होती. पडताळून पाहिल्यावर ती फोल ठरली.

मग सहा महिने हवेतच का? हा प्रश्न ‘आयडिया’ नावाच्या प्रकल्पानं धसाला लावला. सहा चाचण्या, बारा देश आणि बारा हजार आठशेहून अधिक रुग्ण. सगळे तिसऱ्या टप्प्याचे. निम्म्यांना तीन महिने केमो, निम्म्यांना सहा महिने. 2018 मध्ये निष्कर्ष आले. तीन वर्षांनी आजार न उलटलेले रुग्ण तीन महिन्यांच्या गटात 74.6 टक्के होते आणि सहा महिन्यांच्या गटात 75.5 टक्के. काटेकोर संख्याशास्त्रीय निकषावर दोन्ही बरोबरीचे आहेत, असं सरसकट सिद्ध झालं नाही. पण फरक एक टक्क्याच्या आतला होता. नसांच्या त्रासातला फरक मात्र प्रचंड होता. कॅपॉक्स सहा महिने घेतलेल्यांपैकी 45 टक्क्यांना मध्यम किंवा तीव्र त्रास झाला, तीन महिने घेतलेल्यांत 15 टक्क्यांना. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण 82.4 आणि 82.8 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच निघालं.

यातली मेख पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात आहे. एक ते तीन ग्रंथी बाधित आणि गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर फार न गेलेली असेल, तर कॅपॉक्सच्या चार सायकली आठांइतक्याच कामाच्या ठरल्या. चार किंवा जास्त ग्रंथी बाधित असतील किंवा गाठ भिंत फोडून बाहेर आली असेल, तर बहुतेक डॉक्टर सहा महिन्यांकडे झुकतात, आणि ते योग्यच आहे. गुदाशयाच्या कॅन्सरला मात्र हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. तिथं रेडिएशन येतं आणि उपचारांचा क्रमही वेगळा असतो. पण पहिल्या गटातल्या रुग्णाला पाचव्या सायकलीला बोटं बधिर होत असतील आणि केवळ ‘कोर्स पुरा’ व्हावा म्हणून ऑक्झॅलिप्लॅटिन रेटलं जात असेल, तर ते समर्थनीय नाही, असं स्पष्ट म्हणायला हवं.

शिवाय चालू ठेवणं आणि सोडणं यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. डोस कमी करता येतो. एखादा आठवडा पुढं ढकलता येतो. ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवून नुसत्या गोळ्या चालू ठेवता येतात. तो उपचाराचा त्याग नव्हे. गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, त्यावरचा एक सोपा उपाय आपल्याच देशात सापडला. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 264 रुग्णांवर चाचणी केली. अर्ध्यांना दुखण्यावर चोळतात ते एक टक्का डायक्लोफेनॅक जेल दिलं, अर्ध्यांना नुसतं जेल. औषधी जेल लावणाऱ्यांत फक्त 3.8 टक्के रुग्णांना मध्यम वा तीव्र त्रास झाला, बाकीच्यांत 15 टक्क्यांना. गोळ्यांचा डोसही त्यांच्यात कमी वेळा घटवावा लागला. 2024 मध्ये हे प्रसिद्ध झालं. अनवाणी रानात जाणाऱ्या माणसासाठी याचं मोल काय, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. अर्थात जेल डॉक्टरांना विचारूनच लावायचं.

काही गुंतागुंतींत मात्र घासाघीस नसते. गोळ्या किंवा फ्लुरोयुरॅसिल सुरू असताना छातीत दुखलं, तर औषध तिथंच थांबवून दवाखाना गाठायचा, कारण या औषधानं हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. पहिल्याच सायकलीत तोंडभर फोड, अनावर जुलाब झाले आणि रक्तातल्या पेशी एकदम कोसळल्या, तर शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असण्याची शंका घ्यायची. युरोपच्या औषध नियामकांनी 2020 पासून उपचाराआधीच त्याची तपासणी करण्याची शिफारस केली आहे.

आणि ताप. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, तेव्हा 38 अंश सेल्सिअसच्या वरचा ताप म्हणजे तातडी. अँटिबायोटिकचं इंजेक्शन तासाभरात मिळायला हवं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब आहे आणि गगनबावड्याचा पाऊस रस्ता कधी अडवेल सांगता येत नाही. म्हणून ताप आल्यावर जवळचं कोणतं हॉस्पिटल गाठायचं, ते पहिल्या सायकलीआधीच ठरवून ठेवावं. अशा काळात गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूधही बंद. दूध उकळूनच प्यायचं.

आजार यकृतात किंवा फुप्फुसात पसरला असेल, तर गणित बदलतं. तिथं केमो आजार आटोक्यात ठेवण्यासाठी असते आणि विश्रांती हा उपचाराचाच भाग होऊ शकतो. फ्रान्सप्रणीत ‘ऑप्टिमॉक्स’ चाचणीत ऑक्झॅलिप्लॅटिन सहा सायकलींनंतर थांबवून, नंतर पुन्हा सुरू केलं, तरी आयुर्मानात ठळक फरक पडला नाही.

टाटा मेमोरियलमधल्या आठशे रुग्णांच्या पाहणीत मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं सरासरी वय साधारण 47 निघालं. म्हणजे कमावतं, मुलं शिकती असलेलं वय. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमोचा समावेश आहे, पण बुडालेली मजुरी आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला मारलेल्या खेपा कुठल्या योजनेत बसत नाहीत. त्यामुळं अनेक रुग्ण त्रास लपवतात. डॉक्टर औषध बंद करतील ही भीती असते, किंवा ‘एवढ्याशा मुंग्यांचं काय सांगायचं’ हा संकोच. ओपीडीतल्या गर्दीत डॉक्टरांनाही विचारायला उसंत नसते, आणि न सांगितलेली लक्षणं रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाहीत.

तेव्हा पुढच्या सायकलीच्या आदल्या दिवशी रुग्णानं शर्टाची बटणं लावून पाहावीत, सुईत दोरा ओवून पाहावा, मागच्या सायकलीत किती दिवस मुंग्या राहिल्या आणि किती जुलाब झाले ते कागदावर लिहावं, हाताचं काम काय आहे तेही लिहावं, आणि तो कागद सलाईन लावण्याआधी डॉक्टरांच्या हातात द्यावा. सोबत दोनच प्रश्न विचारावेत: माझ्या रिपोर्टात किती ग्रंथी बाधित होत्या, आणि उरलेल्या सायकलींतून ऑक्झॅलिप्लॅटिन वगळलं तर माझं किती नुकसान होईल?