पाहुणे, शेजारी आणि व्हिसाचा शिक्का

बेंगळूरुत राहणाऱ्या परदेशी कुटुंबांविषयी आपल्याकडे एक ठाम समज आहे. कंपनीने दिलेले घर, कंपनीची मोटार, मुलांसाठी आंतरराष्ट्रीय शाळा आणि तीन-चार वर्षांनी परतीचे विमान. अशा माणसांना चिंता कसली? निवृत्तीनंतर मी ज्या इमारतीत राहतो, तिथे अशी दहा-बारा कुटुंबे आहेत. त्यांपैकी एका जपानी आणि एका जर्मन कुटुंबाशी आमचा स्नेह जुळला. वरच्या मजल्यावर पुण्याचे एक तरुण जोडपे राहते, तेही या मंडळात आले. महिन्यातून एक-दोन शनिवारी आम्ही सारे भाड्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून शहराबाहेर पडतो. इतिहास हा माझा विषय असल्याने वाटाड्याचे काम आपोआप माझ्याकडे आले, आणि खरे सांगायचे तर सरकारी नोकरीत मिळालेल्या कोणत्याही पदापेक्षा ते मला अधिक आवडते.

या सहलींना मी आधी केवळ करमणूक समजत असे. हळूहळू लक्षात आले, की सोमवार ते शुक्रवार ही कुटुंबे भारतात राहतच नाहीत. जपानी अभियंता सकाळी साडेसहाला म्हैसूर रस्त्यावरील कारखान्याकडे निघतो तो रात्री आठला परततो. त्या रस्त्यावर जपानी माणसे दिसू लागली त्याला आता पाव शतक उलटले. टोयोटा आणि किर्लोस्कर यांची संयुक्त कंपनी १९९७ साली स्थापन झाली आणि बिडदीला तिचा कारखाना उभा राहिला, त्यामागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपन्या आल्या. अभियंत्याची मुलगी शाळेच्या बसने जाते. घरी उरतात त्या त्याच्या पत्नी. भारत त्यांना भेटतो तो शनिवारी.

आणि भारत त्यांना उत्तम भेटतो. बिडदीला थांबून तट्टे इडली खाल्ल्याशिवाय आमची गाडी पुढे सरकत नाही. (मार्च २०२३ मध्ये खुला झालेला ११८ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मंड्या या सगळ्या गावांना वळसा घालून जातो, वेळ वाचतो, पण न्याहारीसाठी मुद्दाम खाली उतरावे लागते.) रामनगरच्या खडकांपाशी पुण्याचे गृहस्थ ‘शोले’चे संवाद म्हणून दाखवतात आणि जर्मन मुले न समजता टाळ्या वाजवतात. चन्नपट्टणला लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी पाहताना जपानी मुलीने आपल्याकडच्या बाहुल्यांची आठवण काढली, तेव्हा दुकानदाराने अभिमानाने सांगितले, की इथल्या कारागिरीत जपानी पद्धतीचाही वाटा आहे. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईचे भले मोठे भित्तिचित्र आहे. हैदर आणि टिपू यांनी कर्नल बेलीच्या फौजेचा केलेला पराभव त्यात रंगवला आहे. तिथे आम्ही तासभर रमलो. सोमनाथपूरचे १२५८ सालचे केशवमंदिर मात्र त्यांनी माझ्या मदतीविना पाहिले. दगडावरचे ते काम कोणी समजावून सांगण्याची गरज नसते.

नंदीदुर्गावर आम्ही तीनदा गेलो. कॉर्नवॉलिसच्या सैन्याने १७९१ मध्ये हा किल्ला टिपूकडून घेतला, त्यानंतरच्या शतकात कमिशनर मार्क कबन यांनी माथ्यावर बंगला बांधला आणि छावणीतले इंग्रज उन्हाळ्यात, सुटीत तिकडे धाव घेऊ लागले. परदेशी माणसाचा बेंगळूरुतला ‘वीकेंड’ तेव्हापासूनचा. १९८६ च्या नोव्हेंबरात सार्क परिषदेसाठी आलेले राष्ट्रप्रमुखही इथेच विसाव्याला आले होते. पुण्याच्या वहिनींनी तिथे विचारले, “काका, शहाजीराजांचे बेंगळूरु ते हेच ना?” हेच. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने केंपेगौडांच्या वंशजांकडून हे शहर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जयराम पिंड्ये यांच्या ज्या चंपूकाव्याचे संपादन इतिहासाचार्य राजवाड्यांनी केले, त्यात या दरबारात जमलेल्या नाना भाषांच्या कवींचे वर्णन आहे. बाहेरून आलेल्या माणसांना सामावून घेण्याची या शहराची सवय संगणकाच्या फार आधीची आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक सहलीत खटकते. पुरातत्त्व खात्याच्या तिकीट खिडकीवर दोन दर असतात. २०१८ पासून जागतिक वारसास्थळांसाठी भारतीयांना ४० रुपये व परदेशी पाहुण्यांना ६००, आणि इतर स्मारकांसाठी २५ व ३००. जगभर पर्यटकांकडून जास्त घेतात, त्याला माझी हरकत नाही. पण आमचा जपानी शेजारी पर्यटक नाही. तो इथे पगार घेतो, इथे आयकर भरतो. याउलट न्यू जर्सीत जन्मलेला आणि भारतात कधीही कर न भरलेला तरुण ‘ओसीआय’ कार्ड दाखवून भारतीय दराने आत जातो. खिडकीतला कर्मचारी मात्र आधी चेहरा पाहतो, कागद मागून.

रक्कम किरकोळ आहे. कोणी तक्रारही करीत नाही. खरा प्रश्न परतीच्या प्रवासात निघाला. जपानी शेजारीणबाई भौतिकोपचार तज्ज्ञ आहेत. क्योटोतल्या रुग्णालयात त्यांनी नऊ वर्षे वृद्धांना चालायला शिकवले. माझ्या पत्नीच्या गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर त्या सहा आठवडे रोज अकरा वाजता घरी येत आणि व्यायाम करवून घेत. आमच्या मोलकरणीचे ऐकून त्या तिला ‘अम्मा’ म्हणतात, आणि मोजतात कन्नडमध्ये: ‘ऒंदु, एरडु, मूरु.’ एक पैसाही त्यांनी घेतला नाही. घ्यायचा म्हटला तरी कायद्याने घेता आला नसता.

व्यवस्था अशी आहे. रोजगार व्हिसावर आलेल्या माणसाच्या पत्नीला किंवा पतीला आश्रित म्हणून ‘एंट्री’ व्हिसा मिळतो. त्यावर नोकरी करता येत नाही. काम करायचे तर स्वतःचा रोजगार व्हिसा हवा, आणि त्यासाठी वर्षाला १६ लाख २५ हजार रुपयांपेक्षा अधिक वेतन हवे. ही अट काहींना नाही: दूतावासातील कर्मचारी, भाषांतरकार, इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक, आणि आपापल्या देशातले पदार्थ रांधणारे आचारी. म्हणजे आमच्या शेजारीणबाई सुशी करणाऱ्या असत्या तर कमी पगारातही चालले असते. वृद्धांचे गुडघे हलवणाऱ्या व्यक्तीला आमच्या शहरातले कोणते रुग्णालय सोळा लाख देणार? पदवीची समकक्षता आणि व्यावसायिक नोंदणी हे डोंगर तर याच्याही पलीकडचे.

काही काळ मी गृह खात्यात होतो. परदेशी नागरिकांच्या फायलींवर तेव्हाही दोनच प्रश्न विचारले जात: याने मुदत ओलांडली का, आणि हा सुरक्षेला धोका आहे का? २०१८ पासून नोंदणी ऑनलाइन झाली, रांगा गेल्या, हे श्रेय द्यायलाच हवे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट’ लागू झाला आणि १९२०, १९३९ व १९४६ चे ब्रिटिशकालीन कायदे मोडीत निघाले. त्याभोवतीची चर्चा प्रामुख्याने घुसखोरी आणि सुरक्षा यांची होती. या देशात रीतसर आलेल्या, रीतसर राहणाऱ्या माणसाने नेमके कसे जगावे, हा विषय कोणाच्या मनात फारसा आला नाही.

तो यायला हवा होता, कारण या शहराला त्याचा अनुभव आहे. गुस्ताफ क्रुंबिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत वडोद्याला आला आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात. लालबाग त्याने घडवली. वर्षभर कोणता ना कोणता वृक्ष फुललेला असावा, अशी रस्त्यांवरच्या झाडांची योजना त्याच्या नावावर आहे. महायुद्धाच्या काळात ‘शत्रूराष्ट्राचा नागरिक’ म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केले. तरीही तो इथेच राहिला आणि १९५६ मध्ये इथेच वारला.

दुसरी कथा इतकी सुखद नाही. नाझींनी १९३३ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठातून दूर केलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना सर सी. व्ही. रामन यांनी भारतीय विज्ञान संस्थेत बोलावले. १९३५ च्या अखेरीस बॉर्न पत्नी हेडीसह बेंगळूरुला आले आणि सुमारे सहा महिने राहिले. त्यांना कायमचे प्राध्यापकपद द्यावे, असा रामन यांचा प्रयत्न होता. त्यासाठी भरलेल्या बैठकीत एका इंग्रज प्राध्यापकाने, मायदेशाने हाकललेला दुय्यम दर्जाचा परका आपल्याला नको, अशा आशयाचे भाषण केले. त्या दिवशी घरी येऊन आपण रडलो, असे बॉर्न यांनी नंतर लिहिले आहे. पद मिळाले नाही. १९३६ मध्ये ते एडिंबरोला गेले आणि १९५४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यातला विलक्षण योग असा, की त्यांच्याच बहिणीचा मुलगा ओटो कोनिग्सबर्गर १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानचा वास्तुविशारद म्हणून याच शहरात आला. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी त्याला काम दिले. विज्ञान संस्थेच्या आवारातल्या इमारती, जमशेदपूरचा आराखडा, स्वतंत्र भारतात भुवनेश्वरचा आराखडा आणि १९४८ पासून केंद्र सरकारच्या गृहनिर्माण विभागाचे संचालकपद! मामाला नाकारणाऱ्या गावाने भाच्याला ठेवून घेतले, त्याचा फायदा कोणाला झाला हे सांगायला नको.

आता उलट बाजू पाहू. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या ‘एच-१बी’ अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हा आपल्याकडे उठलेला संताप योग्यच होता. त्या व्हिसांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतीयांना मिळतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या अशा व्हिसाधारकांच्या जोडीदारांना २०१५ पासून तिथे काम करता येते आणि ती सवलत टिकावी म्हणून आपले सरकारही आग्रही असते. जर्मनी जोडीदाराला पूर्ण मुभा देते. स्थलांतरितांबाबत कठोर समजला जाणारा जपानसुद्धा आश्रितांना परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करू देतो. पुण्याच्या वहिनींची धाकटी बहीण टोकियोत नेमकी त्याच सवलतीवर एका पाळणाघरात काम करते. त्याच टोकियोच्या एदोगावा प्रभागातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ जपानी नागरिक म्हणून निवडून आले. हे सारे वहिनींनी गाडीत सांगितले, तेव्हा जर्मन मित्र हसला आणि जपानी शेजारीणबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

यावर आक्षेप काय येणार, ते मला ठाऊक आहे. इथल्याच मुलांना नोकऱ्या नाहीत, तिथे परक्यांना कुठून? जुलै २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांसाठी राखीव जागांचे विधेयक मंजूर केले आणि उद्योगांच्या विरोधानंतर लगेच बाजूला ठेवले. त्या वेळी ‘परके’ म्हणजे आमचे पुण्याचे जोडपे होते. स्थानिकांची काळजी खरी आहे, कन्नडचा आग्रहही मला मान्य आहे. या शहरात दहा वर्षे राहून भाजीवाल्याशी हिंदीत हुज्जत घालणाऱ्यांविषयी मला मुळीच सहानुभूती नाही. परंतु आश्रित व्हिसावरील जोडीदारांची संख्या इतकी थोडी, की कोणाच्या ताटातला घास त्या काढून घेतील हे संभवत नाही. ठरावीक तासांची मर्यादा घाला, वेतनाची अट शिथिल करा, आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांपासून सुरुवात करा. कायद्यात दुरुस्तीही नको. व्हिसाच्या अटी कार्यकारी आदेशाने ठरतात आणि तशाच बदलतात.

जपानी कुटुंबाचे कंत्राट मार्चमध्ये संपते. कंपनी आणखी तीन वर्षे द्यायला तयार आहे, मुलीला इथली शाळा आवडते, अभियंत्यालाही राहायचे आहे. त्यांच्या पत्नीने अजून होकार दिलेला नाही. क्योटोच्या रुग्णालयाने त्यांना एप्रिलपासून बोलावले आहे.