रिअ‍ॅक्ट, व्ह्यू की अँग्युलर? फ्रेमवर्क निवडण्याआधी हे समजून घ्या

बीसीए, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करताय आणि वेबसाइट बनवण्यात रस आहे? मग 'रिअ‍ॅक्ट शिकून घे' हा सल्ला तुम्हाला एव्हाना दहा जणांनी दिला असेल. अकरावा म्हणतो व्ह्यू सोपं आहे, बारावा म्हणतो मोठ्या कंपनीत अँग्युलरच चालतं. क्लासवाले यातलं प्रत्येक नाव वेगवेगळ्या फीला विकतात. दिग्रस, पुसद, दारव्ह्याच्या मुलामुलींसाठी हा प्रश्न छोटा नाही. चुकीच्या गोष्टीवर सहा महिने आणि घरच्यांचे पंधरा-वीस हजार गेले तर ते परत मिळत नाहीत.

म्हणून या लेखात 'सगळ्यात भारी कोणतं' हा वाद बाजूला ठेवू. कोणतं फ्रेमवर्क कोणत्या कामाला चालतं आणि आपण कसं ठरवायचं, ते एका उदाहरणातून बघू.

फ्रेमवर्क नेमकं करतं काय?

समजा तुम्हाला दिग्रसच्या बाजार समितीतले भाव दाखवणारं एक पान बनवायचं आहे. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा. प्रत्येकाचा किमान, कमाल आणि सरासरी भाव, शिवाय आवक किती क्विंटल.

साध्या जावास्क्रिप्टमध्ये तुम्ही पानावरचा तो रकाना शोधता आणि त्यातला आकडा बदलता. एकाच ठिकाणी आकडा असेल तर काहीच अडचण नाही. पण तोच तुरीचा भाव यादीत आहे, वरच्या 'आजचा सर्वाधिक भाव' या पट्टीत आहे आणि खालच्या आलेखातही आहे. भाव बदलला की तिन्ही जागा तुम्हाला आठवणीने बदलाव्या लागतात. एक राहिली की यादीत एक भाव आणि पट्टीत दुसरा. शेतकऱ्याने कोणता खरा मानायचा?

फ्रेमवर्क हीच डोकेदुखी कमी करतं. तुम्ही आकडा एकाच ठिकाणी ठेवता, त्याला 'स्टेट' म्हणतात. 'स्टेट अशी असेल तर स्क्रीन अशी दिसेल' एवढं लिहून देता. आकडा बदलला की तो जिथे जिथे दिसतो तिथे तिथे स्क्रीन बदलण्याची जबाबदारी फ्रेमवर्कची.

सगळी फ्रेमवर्क हेच काम करतात, रस्ते मात्र वेगळे आहेत. रिअ‍ॅक्ट स्क्रीनचा एक आराखडा मेमरीत बनवतं, जुन्याशी ताडून बघतं आणि जेवढा फरक आहे तेवढाच बदलतं. कोणता आकडा कुठे वापरलाय याची नोंद व्ह्यू ठेवतं, त्यामुळे कुठे बदल करायचा ते त्याला आधीच माहीत असतं. स्वेल्ट बरंचसं काम तुमच्या कॉम्प्युटरवरच उरकतं आणि ब्राउझरला तयार, आटोपशीर कोड पाठवतं.

आधीचा प्रश्न: फ्रेमवर्क लागतंय का?

आपलं भावाचं पान दिवसातून एक-दोनदाच बदलणार असेल, लोक येऊन फक्त वाचणार असतील आणि 'फक्त तूर दाखवा' असं एखादं बटन असेल, तर खरं सांगायचं तर फ्रेमवर्कची गरज नाही. साधं एचटीएमएल, थोडं सीएसएस आणि तीस-चाळीस ओळी जावास्क्रिप्ट, काम झालं.

आता तेच पान वाढलं असं धरा. अडत्याला लॉगिन हवं, मालाच्या नोंदी करायच्या, वजन टाकलं की हमाली-तोलाई कापून पट्टी तयार व्हायला हवी, नेट गेलं तरी नोंद जाता कामा नये. आता एका आकड्यावर दहा गोष्टी अवलंबून आहेत. इथे फ्रेमवर्क न घेता काम करायला गेलात तर दोन महिन्यांनी तुमचाच कोड तुम्हाला कळणार नाही.

साधा नियम: लोक वाचायला येणार असतील तर कमीत कमी जावास्क्रिप्ट. लोक काम करायला येणार असतील, म्हणजे भरणं, बदलणं, हिशोब, तर फ्रेमवर्क.

समोरच्याच्या हातात कोणता फोन आहे?

हा मुद्दा बहुतेक कोर्समध्ये येतच नाही, कारण शिकवणाऱ्याकडे चांगला लॅपटॉप आणि वायफाय असतं. आपलं पान मात्र उघडणार आहे तीन-चार वर्षं जुन्या, कमी रॅमच्या फोनवर, नेटवर्कची एकच काडी असताना.

रिअ‍ॅक्ट आणि त्याच्यासोबत लागणारं रिअ‍ॅक्ट-डॉम मिळून, दाबून लहान केलेल्या स्वरूपात, आवृत्तीनुसार साधारण ४० ते ६० केबी होतात. व्ह्यू त्याहून कमी. प्रीअ‍ॅक्ट नावाचं रिअ‍ॅक्टसारखंच छोटं भावंड ४ केबीच्या आसपास. हे आकडे बघून वाटेल, एवढ्याशा केबीने काय होतं? एक फोटोच याच्या दुप्पट असतो!

पण फोटो आणि जावास्क्रिप्ट यांत फरक आहे. फोटो आला की फोन तो दाखवतो, संपलं. जावास्क्रिप्ट आल्यावर फोनला ती उलगडावी लागते (तेव्हा तिचा आकार जवळपास तिप्पट होतो), समजून घ्यावी लागते आणि मग चालवावी लागते. हे सगळं प्रोसेसरचं काम. महागड्या फोनवर ते पटकन होतं, स्वस्त फोनवर त्याच कामाला कितीतरी पट वेळ जातो. आणि ही तर नुसत्या फ्रेमवर्कची गोष्ट. वर आलेख काढणारी लायब्ररी, तारखांची लायब्ररी, रेडिमेड बटनांचा संच जोडत गेलात की बघता बघता पान ५०० केबीवर जातं.

दुसरी गोष्ट. नुसतं रिअ‍ॅक्ट वापरून बनवलेल्या साइटवर सुरुवातीला एक रिकामं पान येतं, आणि जावास्क्रिप्ट येऊन चालू झाल्यावरच त्यात मजकूर भरला जातो. नेट मध्येच अडकलं तर समोर फक्त पांढरी स्क्रीन. यावर उपाय म्हणून नेक्स्ट किंवा नक्स्टसारखी साधनं पान सर्व्हरवरच तयार करून पाठवतात. नेक्स्ट रिअ‍ॅक्टसाठी, नक्स्ट व्ह्यूसाठी.

फोनवरच एक प्रयोग करून बघा. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'साइट सेटिंग्ज'मध्ये जाऊन जावास्क्रिप्ट बंद करा आणि मराठी विकिपीडिया उघडा. लेख व्यवस्थित वाचता येतो. मग तुमच्या रोजच्या वापरातल्या दोन-तीन साइट उघडा. कोणती साइट मजकूर आधी देते आणि कोणती जावास्क्रिप्टवाचून उभीच राहत नाही, हे लगेच कळेल. (नंतर जावास्क्रिप्ट परत चालू करायला विसरू नका.)

पर्याय थोडक्यात

- रिअ‍ॅक्ट: फेसबुकने २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. वापरणारे भरपूर, तयार लायब्ररी भरपूर, यूट्यूबवर शिकवणारे भरपूर. ते स्वतः फक्त स्क्रीनचं काम बघतं, बाकीच्या गोष्टी (पानांमधलं जाणं-येणं, फॉर्म, माहिती आणणं) तुम्ही निवडायच्या. नवख्याचा गोंधळ इथेच होतो.
- अँग्युलर: गूगलचं. आताचं अँग्युलर २०१६ पासूनचं. सगळं एकाच पेटीत मिळतं आणि काम कसं करायचं याची शिस्त ठरलेली असते. टाइपस्क्रिप्ट शिकावंच लागतं. मोठ्या टीमला हे सोयीचं पडतं, एकट्याने छोटी साइट करायला जड.
- व्ह्यू: एव्हन यू याने २०१४ मध्ये आणलं. यामागे एखादी मोठी कंपनी नाही. एचटीएमएल येणाऱ्याला लवकर उमगतं. साध्या पानात एक ओळ टाकूनही वापरता येतं.
- स्वेल्ट: रिच हॅरिस याचं, २०१६ पासून. छोट्या साइटला फारच हलकं. नोकऱ्यांच्या जाहिरातींत मात्र नाव कमी दिसतं.
- अल्पाइन आणि प्रीअ‍ॅक्ट: पानावर थोडीशीच हालचाल हवी असेल तेव्हा उपयोगी.

ज्यांना खरंच निवडावं लागलं, त्यांनी काय केलं?

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तो ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते मीडियाविकी सांभाळणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२० मध्ये नव्या कामासाठी व्ह्यू निवडलं. त्यांची अडचण वेगळी होती. शेकडो भाषा, जगभरातले जुने फोन, आणि जेक्वेरीमध्ये लिहिलेला वर्षानुवर्षांचा कोड. जुन्या कोडच्या शेजारी थोडं थोडं बसवता येईल असं काहीतरी त्यांना हवं होतं.

आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. ईआरपीनेक्स्ट हे दुकान-कारखान्यांचा हिशोब ठेवणारं मुक्त सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचं. त्याचा मूळ पडदा जेक्वेरीच्या काळातला. कंपनीने पुढे जी नवी उत्पादनं काढली ती व्ह्यूमध्ये केली, पण म्हणून चालतं सॉफ्टवेअर एका रात्रीत फेकून दिलं नाही. या सगळ्याचा कोड गिटहबवर खुला आहे. चांगला कोड कसा असतो ते फुकटात वाचायचं असेल तर तिथे जाऊन बघा. शेअर बाजारासाठी अनेकांच्या ओळखीचं असलेलं झीरोधाचं काइटही वेबवर व्ह्यू वापरतं.

म्हणजे व्ह्यूच घ्यायचं का? तसं नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची वेबसाइट रिअ‍ॅक्टवर चालते आणि त्यांचंही उत्तम चाललंय. मुद्दा एवढाच की यातल्या प्रत्येकाने आधी आपलं काम, आपली माणसं आणि आपला जुना कोड बघितला, नाव नंतर ठरवलं.

फ्रेमवर्क जुनं झालं तर?

होणारच! अँग्युलरचा पहिला अवतार, अँग्युलरजेएस, २०१० मध्ये आला आणि तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा होती. २०१६ मध्ये गूगलने ते पूर्ण नव्याने लिहिलं, इतकं की जुना कोड नव्यात तसाच्या तसा चालत नव्हता. २०२१ संपताना जुन्याचा सपोर्ट बंद झाला. व्ह्यू २ चा सपोर्ट २०२३ च्या अखेरीस संपला. रिअ‍ॅक्टचा प्रोजेक्ट सुरू करायला वर्षानुवर्षं जे 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' शिकवलं गेलं, तेही २०२५ मध्ये अधिकृतपणे बाद झालं. आजही एखादा क्लास तेच शिकवत असेल तर फी भरण्याआधी विचारा की अभ्यासक्रम शेवटचा कधी बदलला.

या सगळ्यात टिकलं काय? एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. अ‍ॅरे, फंक्शन, ऑब्जेक्ट, प्रॉमिस आणि सर्व्हरकडून माहिती आणणं या पाच गोष्टी पक्क्या असतील तर एका फ्रेमवर्कवरून दुसऱ्यावर जायला काही आठवडे पुरतात. त्या कच्च्या असतील तर पहिलंच फ्रेमवर्क जादूटोण्यासारखं वाटत राहतं.

लॅपटॉप नसेल तर?

बऱ्याच जणांची खरी अडचण हीच आहे. अँग्युलर आणि स्वेल्टला कोड आधी 'बिल्ड' करावा लागतो, तो सगळा खटाटोप फोनवर जिकिरीचा. रिअ‍ॅक्ट पूर्वी एका स्क्रिप्टच्या ओळीने पानात टाकता यायचं, पण १९ व्या आवृत्तीपासून तशा तयार फाइली देणं बंद झालंय. व्ह्यू आणि अल्पाइन मात्र आजही एका ओळीने पानात येतात. त्यामुळे हातात फक्त फोन असेल तर एकोड हे अँड्रॉइडवरचं एडिटर किंवा ब्राउझरमध्ये कोडपेन घ्या, साध्या जावास्क्रिप्टने सुरुवात करा आणि मग व्ह्यूकडे वळा. बनवलेलं पान गिटहब पेजेसवर फुकटात टाकता येतं. लॅपटॉप आला की रिअ‍ॅक्ट शिका, तोवर 'स्टेट'ची कल्पना डोक्यात बसलेली असेल.

मग ठरवायचं कसं?

- नोकरी हवी असेल: कोणाला विचारू नका, नोकरीच्या साइटवर स्वतः शोधा. 'रिअ‍ॅक्ट पुणे', 'अँग्युलर पुणे', 'रिअ‍ॅक्ट नागपूर', 'व्ह्यू नागपूर', प्रत्येकी किती जाहिराती येतात आणि त्यातल्या किती नवख्यांसाठी आहेत, ते कागदावर मांडा. बहुतेक वेळा रिअ‍ॅक्ट पुढे दिसेल, पण ज्या शहरात तुम्ही राहू शकता तिथला आकडा महत्त्वाचा.
- गावातल्या दुकानाची, दवाखान्याची, मंगल कार्यालयाची साइट करून द्यायची असेल: फ्रेमवर्क नको. हलकं पान द्या, ते सगळ्यांच्या फोनवर उघडेल.
- कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असेल: टीममधल्या निम्म्याहून जास्त जणांना जे येतं ते घ्या. व्हायवाला प्रश्न तुम्हालाच विचारणार आहेत.
- हिशोब, नोंदी, लॉगिन असलेलं खरंखुरं अ‍ॅप करायचं असेल: रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यू, दोन्ही चालतील.

निवड झाली की एक काम करा. एक छोटं पान बनवा, गिटहब पेजेसवर टाका आणि गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये त्याचा पत्ता देऊन मोबाइलचा निकाल बघा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा आणि बटन दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळायला हवा, असं गूगलचं माप आहे. त्यानंतर घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तेच पान उघडा. तिथे ते नीट चाललं, तर तुमची निवड तुमच्या कामाला पुरेशी आहे. पुढचे सहा महिने फ्रेमवर्क बदलत बसू नका, त्याच्यात काहीतरी पूर्ण करून दाखवा.