शोधनिबंधांची मोजदाद आणि संशोधनाचे मोल

रुग्णसेवेच्या आकडेवारीबरोबरच आपल्या रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांची यादीही आम्ही अहवालात देत असतो. ती पाहून काही देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक विचारतात, की या निबंधांचे मोल ठरवायचे कसे? प्रश्न रास्त आहे. संशोधनावर खर्च होणारा प्रत्येक रुपया समाजाने विश्वासाने आमच्या हाती सोपविलेला असतो.

संशोधक आपल्या निबंधाच्या शेवटी, ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांचे संदर्भ देतो. एखाद्या निबंधाचा संदर्भ पुढे किती जणांनी दिला, याची पद्धतशीर नोंद ठेवण्याची कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. एखाद्याच्या किमान दहा निबंधांना प्रत्येकी दहा किंवा अधिक संदर्भ मिळाले असतील, पण अकरांना प्रत्येकी अकरा मिळाले नसतील, तर त्याचा निर्देशांक दहा. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा आकडा मात्र व्यक्तीचा नसून नियतकालिकाचा असतो. आधीच्या दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढेच तो सांगतो.

हे आकडे उपयुक्त आहेत. परंतु ते किती तोकडे पडू शकतात, हे कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांच्या उदाहरणावरून ध्यानी येते.

पटकीचा जंतू विष निर्माण करतो, असा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच केला होता. पण पुरावा मिळत नव्हता. डॉ. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. तेथे पाणी साचले. हे काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी जंतू वाढविलेला द्रव गाळून जंतुविरहित केला आणि तोच आतड्यात सोडला. तरीही पाणी साचले. म्हणजे रोग घडविणारे विष त्या द्रवातच होते. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये हा निबंध आला.

आरंभीची काही वर्षे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे मात्र पटकीच्या विषाचा अभ्यास याच पायावर उभा राहिला. हे विष आतड्याचे अस्तर नष्ट करीत नाही, तर पेशींना पाणी व क्षार बाहेर टाकावयास लावते, हे स्पष्ट झाले. साखरेबरोबर क्षार व पाणी शोषण्याची आतड्याची शक्ती शाबूत राहते, म्हणूनच जलसंजीवनी गुणकारी ठरते.

डॉ. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी खुद्द गारफील्ड यांनी पटकी-संशोधनावरील त्यांच्या प्रभावाचा आढावा संदर्भांच्या आधारे प्रसिद्ध केला. ज्यांनी मोजदादीचे साधन घडविले, त्यांनीच या उपेक्षित कार्याचे मोल त्या साधनाने दाखवून दिले. पण ते पाहावयास डॉ. डे हयात नव्हते.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या आहेत. संदर्भांची संख्या खोटी नसते, पण ती उशिरा बोलू शकते; म्हणून केवळ दोन-चार वर्षांच्या आकड्यांवरून एखाद्या कामाचा निधी थांबविणे योग्य नव्हे. दुसरे असे, की ज्या विषयात संशोधक थोडे, तेथे संदर्भही थोडेच मिळणार. गरिबांच्या रोगांवरील काम त्यामुळे कमी मोलाचे ठरत नाही.

म्हणून संशोधनासाठी निधी देताना आम्ही आकडे जरूर पाहतो. परंतु प्रश्न कोणत्या रुग्णाचा आहे, पद्धत काटेकोर आहे काय आणि निष्कर्षाने उपचारात काय बदलेल, हे आधी विचारतो. आपणही निबंधांची यादी वाचताना हेच प्रश्न आम्हांस विचारावेत, ही नम्र विनंती. त्यांची उत्तरे देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.