हाताला न लागणारी चावी

कोल्हापुरात कोणी 'चावी बंद कर' असं ओरडलं तर कुलूप शोधायचं नसतं, नळ बंद करायचा असतो. रस्त्याखालच्या मोठ्या व्हॉल्व्हलाही आम्ही चावीच म्हणतो आणि तो फिरवणारा तो चावीवाला. लांब लोखंडी दांडा सायकलला बांधून तो पहाटे येतो, चेंबरचं झाकण उचलतो, दांडा आत घालतो आणि मोजून फेरे देतो. किती फेऱ्यांना कुठल्या गल्लीत किती पाणी चढतं, हे त्याच्या मनगटात असतं. नकाशावर ते सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेत पाइप फुटला. चावीवाला लगेच आला, पण चावीच सापडेना. मधल्या काळात रस्ता नवा झाला होता आणि झाकणावरून डांबर गेलं होतं. दोघे जण पहारीने रस्ता ठोकत, कान देत फिरले. दीड तासाने एका जागी पोकळ आवाज आला. तिथे खणलं, झाकण निघालं, आत गळ्यापर्यंत माती. माती उपसल्यावर व्हॉल्व्ह चार फेऱ्यांत निमूट बंद झाला. बिघडलं काहीच नव्हतं, फक्त हात पोचत नव्हता. तोवर खालच्या अंगाच्या दोन घरांत उंबऱ्यापर्यंत पाणी आलं होतं.

तेव्हापासून अशा हाताला न लागणाऱ्या झडपांचा मला नादच लागला. जिथे जाईन तिथे मी हेच विचारतो: ही बिघडली तर इथवर पोचणार कोण आणि कसा?

या प्रश्नाचं सगळ्यांत अवघड रूप जुन्या शिडाच्या बोटीत बघायला मिळतं. कोल्हापूरकराने बोटीवर कशाला बोलावं, असं कोणी म्हणेल. पण 2019 आणि 2021 साली आमच्या रस्त्यांवरून बोटी फिरल्या आहेत. तेवढा अधिकार आम्ही मिळवलाय. तर बोटीच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली, मुद्दाम भोकं पाडलेली असतात. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यायचं, बेसिनचं आणि संडासाचं पाणी बाहेर सोडायचं, त्यासाठी. अशा प्रत्येक भोकावर आतल्या बाजूने एक झडप बसवतात. तिचं नाव सीकॉक. नळी फाटली, निसटली की ही झडप बंद करायची. ती बंद झाली नाही तर काय होतं, त्याचं गणित सोपं आहे. पाण्याखाली दोन फुटांवरचं दीड इंची भोक मिनिटाला सव्वाशे लिटरच्या वर पाणी आत घेतं. म्हणजे मिनिटाला दहाबारा कळशा, आणि उपसणारा बहुतेक वेळा एकटा.

जुन्या बोटींची खोड अशी, की बांधताना आधी भोक पडतं, मग त्यावर सीकॉक बसतो, मग शेजारी इंजिन येतं, वर पाण्याची टाकी, त्यावर झोपायची फळी, फळीखाली कपाट. व्हॉल्व्हच्या डोक्यावर सगळा संसार थाटला जातो. वीस वर्षांनी मालक उताणा पडून, खांदा कपाटात घालून, बोटांच्या टोकांनी मूठ चाचपत असतो आणि मूठ हलत नाही. जुन्या पद्धतीच्या सीकॉकमध्ये निमुळता गट्टू असतो. बोट जमिनीवर ओढल्यावर तो बाहेर काढायचा, साफ करायचा, बारीक पेस्ट लावून जागच्या जागी घासून बसवायचा, पाण्याला दाद न देणारं ग्रीस भरायचं. पुढे वर्षभर मधूनमधून मूठ फिरवत राहायचं, नाहीतर मीठ आणि शंख-शिंपले तिला कायमची धरून ठेवतात. शहाणा मालक आणखी एक करतो. कपाटाचा तळ करवतीने कापून झाकणाची खिडकी काढतो, किंवा मुठीला लांब दांडा जोडून तो हात पोचेल तिथवर आणतो. आमच्या चावीवाल्याचाच दांडा तो.

धातूच्या बाबतीत मात्र आमच्या उद्यमनगर-शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना कोणी शिकवायला नको. स्वस्तातली पितळी झडप खाऱ्या पाण्यात पाचदहा वर्षं पिवळी दिसते, पण आतून तिचं जस्त निघून जात असतं. सुरीने खरवडलं की गुलाबी, स्पंजासारखं तांबं उरलेलं दिसतं. मूठ जोरात फिरवली की झडपच हातात येते. म्हणून तिथे गनमेटल लागतं: 85 भाग तांबं, कथील, जस्त आणि शिसं पाच-पाच भाग. हे प्रमाण इथल्या जुन्या मोल्डरला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल.

आणि इतकं सगळं करूनही, जाणता खलाशी प्रत्येक सीकॉकशेजारी दोरीने एक लाकडी खुंटी बांधून ठेवतो. निमुळती, मऊ लाकडाची, भोकाच्या मापाची. झडप तुटलीच तर खुंटी ठोकायची. लाकूड पाण्याने फुगतं आणि भोक बुजतं. गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीने कुठल्याही बंदरात न थांबता फिरून आले. मधल्या समुद्रात मेस्त्री बोलावता येत नाही. अशा प्रवासात, हात पोचतो की नाही हा सोयीचा प्रश्न राहत नाही. ती खुंटी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता घाटाकडे वळू. भोगावतीवरचं राधानगरी धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. 1909 मध्ये काम सुरू झालं, 1918 च्या सुमारास भिंत 40 फुटांवर येऊन थांबली आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. आज त्यात 8.36 टीएमसी पाणी मावतं. या धरणाचं वैभव म्हणजे सांडव्यावरचे सात स्वयंचलित दरवाजे. पाण्याचा दाब एका बाजूला आणि तोलाचं वजन दुसऱ्या बाजूला. पाणी 347.50 फुटांची पातळी गाठू लागलं की दाब वजनावर मात करतो आणि दरवाजा आपोआप उचलतो. पाणी उतरलं की वजन त्याला खाली बसवतं. वीज लागत नाही, मोटर नाही, मध्यरात्री धो धो पावसात कोणी जाऊन चाक फिरवायचं नाही. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. पावसाळ्यात 'राधानगरीचे पाच दरवाजे उघडले' ही बातमी आली की कोल्हापूरकर मनात पाचाने गुणतो आणि नदीकाठचा माणूस जनावरं हलवायला लागतो.

मला हा दरवाजा यंत्रापेक्षा विचार म्हणून जास्त आवडतो. जिथे माणसाचा हात वेळेवर पोचणार नाही तिथे हाताची गरजच ठेवायची नाही. शिवाय हे दरवाजे माथ्यावर, उघड्यावर आहेत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की माणूस त्यांच्यापाशी कोरड्या पायांनी जातो, बिजागऱ्या बघतो, रबर बदलतो.

खरी पंचाईत धरणाच्या पोटात असते. सिंचनासाठी पाणी सोडायचे सेवा दरवाजे तळाजवळ असतात आणि बारा महिने पाण्याखाली राहतात. दहा मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. तीस मीटर खोलीवर एक चौरस मीटरच्या पत्र्यावर तीस टन. भरलेले तीन ट्रक त्या पत्र्याला रेटून उभे आहेत असं समजा. दरवाजा खाचेत जरा तिरका झाला, चाक गंजलं, खाली दगड अडकला, की त्याला हलवणं कोणाच्या बापाचं काम नाही. राधानगरीनेच ते दाखवलं. डिसेंबर 2021 मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना एक सेवा दरवाजा उघडाच अडकला आणि ऐन थंडीत, निरभ्र आकाशाखाली, भोगावतीकाठच्या गावांना सावध करावं लागलं. सात स्वयंचलित दरवाजे त्या वेळी वर शांत बसले होते. त्यांच्यापर्यंत पाणी आलेलंच नव्हतं, ते जात होतं खालून.

खालच्या दरवाज्याला हात लावायचा तर त्याच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, आणखी एक अडसर टाकण्याची सोय हवी. ती नसेल तर दोनच वाटा: पाणबुड्या उतरवा, नाहीतर तलाव रिकामा करा. कोयना धरणात 13 मार्च 1999 ला आणि पुन्हा 25 एप्रिल 2012 ला, पाणी बोगद्यात घ्यायला, तलावाच्या तळाला खालून स्फोट करून भोक पाडलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र उसळलेल्या पाण्याकडे बघत होता. माझ्यासारख्या नादिष्टाला कौतुक वाटतं ते त्या स्फोटाआधी बोगद्यात तयार ठेवलेल्या दरवाज्यांचं. भोक पाडण्याआधी ते बंद कसं करायचं हे ठरलेलं होतं.

कर्नाटकातल्या तुंगभद्रा धरणाला अशी आधी अडसर टाकायची सोय नव्हती. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री, 33 दरवाज्यांपैकी 19 क्रमांकाच्या दरवाज्याची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. साखळी सत्तर वर्षांची. माथ्यावरचाच दरवाजा, पण त्याच्यापुढे अडसर टाकायची व्यवस्था मूळ बांधकामात नाही. शेवटी कन्नय्या नायडू या अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखाली, वाहत्या पाण्यात, पोलादी तुकडे एकावर एक सोडून आठवडाभराच्या आत ते खिंडार बुजवलं. इंग्रजीत त्या तुकड्यांना स्टॉपलॉग म्हणतात. टीव्हीवर क्रेनला लटकलेला तो पहिला तुकडा खाचेत उतरताना पाहिला आणि मी घरच्यांना म्हणालो, अरे, हा तर बर्गा!

बर्गा म्हणजे काय हे पंचगंगेकाठी सांगावं लागत नाही. 'राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पाण्याखाली' हे वाक्य आमच्याकडे दर पावसाळ्यात मंगलाष्टकासारखं पाठ असतं. हे बंधारे कोल्हापूर पद्धतीचे. ही पद्धत पुढे राज्यभर गेली आणि कागदोपत्री 'के. टी. वेअर' झाली. नदीत ओळीने खांब, प्रत्येक खांबाला दोन्ही अंगांना उभ्या खाचा. पावसाळा संपला की त्या खाचांत फळ्या, म्हणजे बर्गे, एकावर एक सोडायचे. दोन रांगा, मधल्या जागेत माती ठासायची. पावसाळ्याआधी सगळे काढून घ्यायचे, म्हणजे पूर मोकळा जातो आणि गाळही बसत नाही. चाक नाही, गिअर नाही, मोटर नाही. बिघडलेला बर्गा दुरुस्त करत नाहीत, बदलतात. खलाशाची ती खुंटी आणि आमचा बर्गा सख्खे भाऊ.

पण ही भाबडी गोष्ट नव्हे. बर्ग्याला हात लागतो, कारण कोणाचा तरी हात छातीभर पाण्यात असतो. लाकडाचे बर्गे कुजतात, लोखंडाचे गंजून खाचेत धरतात किंवा चोरीला जाऊन भंगारात निघतात. खाच एकदा वाकडी झाली की बर्गा अर्ध्यावर अडतो आणि फटीतून पाणी शिट्टी मारत सुटतं. काढायची वेळ चुकली तर आणखी वाईट. 2025 मध्ये मान्सून 25 मे रोजीच महाराष्ट्रात आला. पाणी चढल्यावर दाबाखाली धरलेला बर्गा आकड्याने ओढायचा, तोही वरून वाहत्या पाण्यात, म्हणजे जिवाशी खेळ. बर्गे राहिले की झाडं-झुडपं अडकतात आणि पाणी बाजूचा काठ खात सुटतं. बंधारा कोणी बांधला त्याची पाटी असते. बर्गे कोण घालतं-काढतं, त्याची मजुरी किती आणि त्याच्या कमरेला दोर असतो का, हे कुठल्याच पाटीवर नाही.

माझं मत विचाराल तर, पाण्याखालचं कुठलंही भोक मंजूर करताना नकाशावर एक माणूस काढायला हवा. दुरुस्तीला आलेला, पाना हातात घेतलेला, खऱ्या मापाचा. तो उभा कुठे राहील, खांदा कुठे घालेल, आणि त्याच्या पुढचं पाणी कशाने अडवलेलं असेल, हे दाखवता आलं नाही तर तो नकाशा परत पाठवावा. रस्त्यालाही हाच नियम: डांबर टाकणाऱ्याने आधी झाकणं मोजावीत आणि नंतरही मोजावीत.

दिवाळीच्या सुमारास बंधाऱ्यांवर बर्गे घालायचे दिवस असतात. फराळ आटोपला की एखाद्या सकाळी जवळच्या बंधाऱ्यावर जाऊन या. पाण्यात उतरलेल्यांना त्यांचं काम करू द्या, ते वर आले की चहा पाजा आणि एवढंच विचारा, की कुठली खाच धरते. ते न आठवता सांगतील. ते लिहून घ्या आणि पाटबंधारे खात्याला कळवा. उन्हाळ्यात नदी आटली की त्या खाचेपर्यंत हात पोचतो.