दोराचं दुसरं टोक

टाकीत माणूस उतरवायचा कसा, हे आपल्या कायद्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३६ ने नेमकं सांगितलं होतं: जाणकाराने आतली हवा स्वतः तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावं, कमरेला पट्टा बांधावा आणि पट्ट्याच्या दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाने धरावं. पण हे कलम कारखान्याच्या फाटकाशी थांबलं. रस्त्यावरचं मॅनहोल, सोसायटीची सेप्टिक टँक, गावातली जुनी विहीर बाहेरच राहिली.

१९९३ साली अमेरिकेत बंदिस्त जागांसाठी स्वतंत्र नियम आला: आधी हवेची मोजणी, मग परवाना, आणि तोंडाशी पूर्णवेळ एक राखणदार. त्याच वर्षी आपल्याकडे हाताने मैला उचलण्यावर बंदी आली, पण तिचा रोख कोरड्या संडासांवर होता. गटारात उतरणाऱ्याची दखल घेतली ती २०१३ च्या कायद्याने. सुरक्षा साधनांशिवाय त्याला आत पाठवणं गुन्हा ठरलं. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असं बजावलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख झाली.

एवढं होऊनही कामाची रीत फारशी बदलली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या पत्नींना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालय गाठावं लागलं आणि आदेश यायला सप्टेंबर २०२१ उजाडला. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत शेणाने भरलेल्या पडीक विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला चौघे गुदमरले, तेही बांधकामावरच्या पाण्याच्या टाकीत. घाण नाही म्हणजे धोका नाही, हा समज इथे घात करतो. बंद टाकीत गंजणारं लोखंड किंवा कुजणारं लाकूडही प्राणवायू खातं.

वाकडीसारखी साखळी जगभर दिसते. अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेने १९८६ मध्येच नोंदवलं होतं, की बंदिस्त जागेतल्या बळींपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. खाली कोसळलेला आपलाच भाऊ किंवा जोडीदार असतो. अशा वेळी धावून जाऊ नका, असं सांगून कोण थांबणार? म्हणून त्याला बाहेरूनच ओढून काढता येईल, अशी सोय आधी करावी लागते. दोर त्यासाठीच असतो.

नाकावर आणि अनुभवावर विसंबणंही तितकंच महाग पडतं. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला, असं वाटतं. विहिरीत कंदील सोडून पाहणारे जुने लोक अडाणी नव्हते; प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो. पण विषारी वायू त्याला कळत नाही आणि मिथेन साचला असेल तर भडका उडतो. गॅस मीटर एका दमात तिन्ही गोष्टी सांगतो. हवेत साधारण २०.९ टक्के प्राणवायू असतो, १९.५ च्या खाली आकडा गेला, की उतरायचं नाही.

गेल्या तीस वर्षांत यंत्रंही आली. सक्शन आणि जेटिंगच्या गाड्या शहरोशहरी दिसतात. केरळने २०१८ मध्ये मॅनहोलमध्ये रोबो उतरवला. तरीही सोसायटीच्या सचिवाने मुकादमाशी बोलताना फक्त भावाची घासाघीस केली, तर बादली आणि शिडी घेतलेली दोन पोरंच येतात. गाडी कुठली आणणार, मीटर आहे का, वर कोण थांबणार, हे भाव ठरवण्याआधी विचारायला हवं. उत्तरं मिळाली नाहीत, तर झाकण उघडू देऊ नये.