विश्लेषण : घरच्या काचपेटीतले वाघ माजलगावच्या उन्हाळ्यात का दगावतात?

अंगावर चार काळे पट्टे, परांना लालसर कडा आणि सतत पळापळ. शोभेच्या माशांच्या दुकानात लहान मुलांचे बोट हमखास टायगर बार्बकडे जाते. दोन-तीन मासे, एक गोल काचेचे भांडे आणि खाद्याचा डबा घेऊन कुटुंब माजलगावला परतते. पंधरा दिवसांत एक मासा पाण्यावर तरंगतो, दुसऱ्याची शेपटी कुरतडलेली असते आणि ‘आपल्याकडचे पाणीच खराब’ असा निष्कर्ष निघतो. पाणी खराब असतेच असे नाही. बहुतेक वेळा चूक झालेली असते ती माशांच्या संख्येत, घाईत आणि एप्रिल-मेच्या उष्म्याकडे झालेल्या दुर्लक्षात.

टायगर बार्ब मूळचा कुठला?

हा मासा इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरचा. १८५५ मध्ये पीटर ब्लीकर या डच लष्करी डॉक्टरने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘टेट्राझोना’ या त्याच्या नावाचा अर्थच चार पट्टे. आधी तो पुंटियस वर्गात मोजला जाई, २०१३ पासून त्याला पुंटिग्रस टेट्राझोना म्हणतात. कुळ मात्र आपल्या ओळखीचे आहे. माजलगाव धरणात वाढणारे रोहू आणि कटला हे त्याचे लांबचे भाऊबंदच. फरक इतकाच, की हा फार तर दोन-अडीच इंच वाढतो.

दुकानात मिळणारे मासे जंगलातून पकडलेले नसतात. आग्नेय आशियातील शेततळ्यांत आणि भारतात प्रामुख्याने चेन्नईच्या कोळत्तूर परिसरात त्यांची पैदास होते. हिरवा किंवा पांढरट-सोनेरी टायगर बार्ब ही वेगळी जात नव्हे, पैदाशीतून निवडलेला रंग आहे. कित्येक पिढ्या टाकीत जन्मल्यामुळे मराठवाड्याचे थोडे जड पाणीही हा मासा निभावून नेतो.

दोन-तीन मासे का ठेवू नयेत?

टायगर बार्ब थव्याने राहतो आणि थव्यात त्याची उतरंड असते. कोण आधी खाणार, कोण कोणाला हुसकावणार, हे दिवसभर ठरत असते. आठ-दहा मासे असले की हा पाठलाग सगळ्यांत वाटला जातो, कोणा एकाला फार सोसावे लागत नाही. तीनच असतील तर दोघे मिळून तिसऱ्याच्या मागे लागतात. एकटा ठेवला तर तो कोपऱ्यात दबून बसतो किंवा टाकीतल्या इतर माशांवर राग काढतो.

हे केवळ हौशी लोकांचे निरीक्षण नाही. २०१० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी टायगर बार्बसह चार प्रकारचे मासे एक, दोन, पाच आणि दहा अशा गटांत ठेवून पाहिले. मोठ्या गटातले टायगर बार्ब अधिक वेळ एकत्र पोहत होते. म्हणून कमीत कमी सहा, जमल्यास आठ ते दहा मासे एकदम आणावेत. ‘आधी दोन जगतात का बघू, मग आणू’ हा हिशेब इथे उलटा पडतो.

सोबतीला एंजल, गोरामी, फायटर किंवा लांब शेपटीचे गप्पी अजिबात नकोत. त्यांचे संथ हलणारे पर टायगर बार्बला आमंत्रणच वाटतात. झेब्रा डानिओ, रोझी बार्ब असे चपळ मासे चालतात. हे दोन्ही मासे मूळचे भारतीय उपखंडातले आहेत, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत.

टाकी केवढी हवी?

गोल भांडे पहिल्याच फेरीत बाद. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत साधारण १०० लिटर पाणी बसते, आठ-दहा माशांना ती पुरते. दोन बाय एक बाय एक फुटी टाकीत ५५ लिटरच मावतात. तिथे सहा मासे कसेबसे राहतील आणि एक दिवसाचा हलगर्जीपणाही महागात पडेल. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण हा मासा वर-खाली कमी आणि आडवा जास्त पळतो. पाणी, काच आणि खडी मिळून वजन सव्वाशे किलोच्या पुढे जाते, हे लक्षात घेऊन टीव्हीच्या कपाटावर किंवा प्लास्टिकच्या टीपॉयवर टाकी मांडू नये.

‘नवीन टाकीचा आजार’ काय असतो?

टाकी आणि मासे एकाच दिवशी घेणे, ही सर्वांत मोठी चूक. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी, तिसरे बरेच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतले मासे अनेकदा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मरतात, ते यामुळे. पाणी तेव्हा काचेसारखे स्वच्छ दिसत असते, म्हणून तर संशय येत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. टाकी भरावी, फिल्टर सुरू करावा आणि माशांशिवाय रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे. पाणी तपासण्याचे किट ऑनलाइन मिळते. अमोनिया आधी वाढून मग शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य झाले की मासे आणावेत. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणावा. तो विरजणासारखा काम करतो आणि बराच वेळ वाचतो.

फिल्टर नळाखाली खळखळून धुणे, हा याच चुकीचा दुसरा अवतार. नळाच्या पाण्यातले क्लोरिन जिवाणू मारते आणि टाकी पुन्हा नवी होते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळावा.

माजलगावच्या पाण्याचे काय?

सिंदफणा नदीवरचे माजलगाव धरण हे जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले. बीड शहराची तहानही ते भागवते, आणि दुष्काळी वर्षात तेच मृतसाठ्यावर येते. त्यामुळे घरात कधी नळाचे, कधी बोअरचे, तर कधी टँकरचे पाणी येते. माणूस निभावून नेतो, माशाला मात्र हा बदल झेपत नाही. काळ्या दगडातून आलेले बोअरचे पाणी बहुधा जड आणि किंचित अल्कधर्मी असते. टायगर बार्बला त्याचीही सवय होते, पण हळूहळू. आज नळाचे, उद्या बोअरचे असे अर्धी टाकी उपसून बदलले की मासे आजारी पडतात.

सामू वाढला की अमोनियाचा धोकाही वाढतो. सामू ७ असताना अमोनियाचा जेवढा भाग विषारी रूपात असतो, त्याच्या जवळपास नऊ-दहा पट भाग सामू ८ असताना विषारी होतो. जड पाण्यात मासे कमी आणि खाद्य मोजके, हा नियम त्यातून आला आहे.

आठवड्याला टाकीतले पाचवा हिस्सा पाणी बदलणे पुरेसे. १०० लिटरच्या टाकीला २० लिटर, म्हणजे एक मोठी बादली. नळाचे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवले की साधे क्लोरिन उडून जाते. घाई असेल तर फोटो स्टुडिओत पूर्वी वापरला जाणारा ‘हायपो’, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उपयोगी पडतो. नळाच्या नेहमीच्या क्लोरिनसाठी १०० लिटरला जेमतेम एक ग्रॅम लागतो. काढलेले पाणी मोरीत ओतू नये. त्यातला नायट्रेट म्हणजे झाडांचे खतच. कुंडीतली तुळस आणि मोगरा त्यावर पोसतात. पाणी विकत घ्यावे लागते अशा घरात हौसेसाठी बादली ओतणे जिवावर येते, ते यामुळे थोडे सुसह्य होते.

उन्हाळ्यात नेमके काय होते?

टायगर बार्बला २२ ते २६ अंश तापमान मानवते, २८ पर्यंत तो तक्रार करत नाही. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीतली टाकी सहज ३२-३३ अंशांवर जाते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम, ३५ ला सातच्याही खाली. त्याच वेळी माशाचा श्वास वाढलेला असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले, तर ती भूक नव्हे, घुसमट आहे. नेमके तेव्हाच अनेक जण खाद्य टाकतात आणि पाणी आणखी बिघडवतात.

यावर महागडे चिलर घ्यायची गरज नाही. झाकण काढून वर जाळी टाकावी (हा मासा उडी मारतो) आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर रोखून ठेवावा. माठ गार पडतो त्याच तत्त्वावर टाकी गार पडते. एक लिटर पाणी वाफ होताना जितकी उष्णता नेते, तितकी १०० लिटर पाण्यातून गेली तर ते साडेपाच अंशांनी उतरेल. खोलीतून नवी उष्णता येत राहते म्हणून प्रत्यक्षात दोन ते चार अंशांचा फरक पडतो, पण जीव वाचवायला तो पुरतो. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा इथे चक्क फायद्याचा. दमट मुंबईत हाच पंखा इतका चालत नाही. पाणी उडाले तरी क्षार मागेच राहतात, तेव्हा भर घालताना आरओचे पाणी वापरावे. बर्फ थेट टाकू नये, तापमान एकदम घसरते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बळावतो.

वीज गेली तर?

भारनियमनात फिल्टर बंद पडला की टाकीचा श्वासच थांबतो. एअर पंप जेमतेम तीन ते पाच वॉट घेतो, घरच्या इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालतो. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा पंप ठेवावा. तेही नसेल तर तांब्याने पाणी काढून फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहावे, दर दहा मिनिटांनी आठ-दहा वेळा. वीज जाऊन बरेच तास झाले असतील तर बंदिस्त फिल्टर तसाच सुरू करू नये. आतले जिवाणू मरून पाणी सडलेले असते, ते आधी ओतून द्यावे.

डोके खाली करून मासा उभा राहिला, म्हणजे आजारी?

रात्री दिवा लावल्यावर असे दृश्य दिसले तर घाबरू नये. टायगर बार्ब डोके खाली करून विसावतो आणि तेव्हा त्याचे पट्टेही फिके दिसतात. दिवसाही तसाच राहिला, थव्यापासून वेगळा पडला, तर मात्र पाणी तपासावे. खाद्य दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. अधूनमधून उकडून साल काढलेला मटारचा दाणा चालतो. पोळी, ब्रेड, मुरमुरे, बिस्किटे नकोत.

नको झालेले मासे धरणात सोडले तर?

नाही. उजनीत चिलापी आणि देशातल्या अनेक जलाशयांत सकर मासा कसा पसरला, हे मच्छीमारांना ठाऊक आहे. टाकीतल्या माशाबरोबर त्याचे रोगही पाण्यात उतरतात. मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी घरी द्यावेत. हौस वाढून पैदाशीपर्यंत गेलीच, तर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनाचा समावेश आहे. तीन लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अनुदान आहे. टायगर बार्बची मादी एका वेळी शेकडो अंडी टाकते, पण आई-बाप तीच अंडी खातात. त्यामुळे अंडी पडताच मोठे मासे वेगळे करावे लागतात.

सुट्टीत गावाला जायचे असेल तर?

निरोगी, मोठे टायगर बार्ब आठवडाभर उपाशी राहू शकतात. जाण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदलावे, पंखा आणि एअर पंप सुरू ठेवावा. शेजाऱ्यांना सांगायचेच असेल तर खाद्याचा डबा हातात देऊ नये. एकेका दिवसाचे चिमूटभर खाद्य कागदाच्या पुड्यांत बांधून, वर वार लिहून द्यावे.